गाडीच्या नाकातला थर्मामीटर



मागच्या भागात आपण रीमॅप म्हणजे काय ते पाहिलं. त्यानंतर एकच प्रश्न इंदूर, हैदराबाद, बेळगाव अशा तीन-चार गावांहून जवळजवळ त्याच शब्दांत आला. "ऑनलाइन एक छोटीशी पॉवर चिप मिळते. एअर टेंपरेचर सेन्सरच्या जोडणीत बसवायची असते. गाडीची ताकद वाढते आणि ॲव्हरेजही, असं म्हणतात. घ्यावी का?"

घेऊ नका. पण नुसतं 'घेऊ नका' म्हटलं की तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचारणार, आणि तो 'घ्या' म्हणणार. म्हणून आजचा सगळा भाग या एका सेन्सरवर. ट्यूनिंगच्या गप्पांमध्ये टर्बो, एक्झॉस्ट, इंजेक्टर यांचं नाव निघतं. याचं कुणी काढत नाही, कारण तो दिसायला अगदीच किरकोळ आहे.

इनटेक एअर टेंपरेचर सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा किती गरम आहे ते सांगणारा सेन्सर. बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्याच्या टोकाला मोहरीएवढा मणी आणि मागे दोन वायरी. तो मणी म्हणजे थर्मिस्टर. तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, गार झाला की वाढतो. बॉशच्या एका नेहमीच्या प्रकारात २० अंश सेल्सिअसला रेझिस्टन्स साधारण २.५ किलोओहम असतो, ४० अंशाला १.२ च्या आसपास आणि ८० अंशाला जेमतेम ०.३. ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, आपल्या आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सरच्या टोकाशी किती व्होल्ट उरले ते पाहतो. त्यावरून तापमान काढतो. बस्स. यात दुसरी कुठलीही जादू नाही.

वायर तुटली तर ईसीयूला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि त्याला वाटतं बाहेर उणे ४० अंश आहे. सुदैवाने उणे ४० वर त्याचा विश्वास बसत नाही. तो पी०११३ हा कोड नोंदवतो आणि स्वतःजवळचा एक ठरलेला आकडा धरून काम चालवतो. उलटं, दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर पी०११२. हे दोन कोड लक्षात ठेवा, कारण अनेक ठिकाणी तुम्हाला लगेच 'सेन्सर गेला' म्हणून सांगतील आणि निम्म्या वेळा बिचारा सेन्सर ठीक असतो. उंदराने वायर कुरतडलेली असते किंवा जोडणीत पाणी शिरलेलं असतं.

आता मुद्दा. कॉम्प्युटरला हवेचं तापमान कळून करायचंय काय?

इंजिनला लिटर कळत नाहीत, ग्रॅम कळतात. एक लिटर हवेत ऑक्सिजन किती आहे हे त्या हवेच्या वजनावर ठरतं, आणि गरम हवा हलकी असते. समुद्रसपाटीला २० अंशाची एक घनमीटर हवा साधारण १.२० किलो भरते. ४५ अंशाला तीच १.११. बॉनेटखालची ६५ अंशाची हवा घेतलीत तर १.०४. म्हणजे सकाळच्या गार हवेपेक्षा सुमारे १३ टक्के कमी. १.२ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत चारही सिलिंडर मिळून जास्तीत जास्त १.२ लिटर हवा ओढतं असं धरा. २० अंशाला ती १.४४ ग्रॅम, ६५ अंशाला १.२५ ग्रॅम. पेट्रोल पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, हे वजनाचं प्रमाण. तेव्हा पहिल्या वेळी ९८ मिलिग्रॅम पेट्रोल हवं, दुसऱ्या वेळी ८५. तापमान न पाहता कॉम्प्युटरने दोन्ही वेळी सारखंच पेट्रोल ओतलं, तर एकदा बरोबर होईल आणि एकदा चुकेल.

इथे गंमत म्हणून एक हिशेब सांगतो. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की थंड हवा म्हणजे ताकदीची हवा. मग मे महिन्यातलं ४५ अंशाचं नागपूर आणि १० अंशाची उटी, यात गाडी कुठे जास्त जोरात पळेल? बहुतेक जण उटी म्हणतात. पण उटी सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाबच नागपूरच्या चार-पंचमांश भरतो. हिशेब केला तर नागपूरची भाजणारी हवा घनमीटरला १.०७ किलो भरते आणि उटीची गारेगार हवा ०.९५. नागपूरच जिंकतं! म्हणजे नुसत्या तापमानावरून हवेचं वजन कळत नाही, दाबही लागतो. म्हणूनच बऱ्याच गाड्यांमध्ये दोन्ही सेन्सर एकाच डबीत असतात, त्याला टी-मॅप म्हणतात. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर आपल्या साध्या मोटरसायकलींचे कार्ब्युरेटर गेले, फ्युएल इंजेक्शन आलं, आणि ही डबी ऑफिसला जायच्या गाडीतही येऊन बसली.

कल्पना मात्र जुनी आहे. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत आली. तिथला 'डी' म्हणजे जर्मन 'द्रुक', दाब. मॅनिफोल्डमधला दाब मोजायचा, हवेचं तापमान मोजायचं आणि त्यावरून पेट्रोल ठरवायचं. आजच्या टी-मॅपचं तत्त्व हेच. ज्या गाड्यांत मॅफ सेन्सर असतो, म्हणजे गरम तारेवरून जाणाऱ्या हवेचं वजन थेट मोजणारा, तिथे पेट्रोलच्या हिशेबाला तापमानाची गरज कमी लागते. म्हणून काही लोक म्हणतात की मॅफ असेल तर हा सेन्सर शोभेचा. तसं नाही, कारण पेट्रोल हे त्याचं अर्धंच काम. ट्यूनिंगमध्ये जास्त महत्त्वाचं आहे ते दुसरं काम.

ते काम ठिणगीचं.

स्पार्क प्लग पिस्टन वर पोचायच्या थोडा आधी ठिणगी टाकतो, कारण आग पसरायला वेळ लागतो. किती आधी, हे क्रँकच्या अंशांत मोजतात, त्यालाच टायमिंग ॲडव्हान्स म्हणतात. ठिणगी योग्य तितकी आधी पडली तर ताकद मिळते. फार आधी पडली, किंवा मिश्रण आधीच फार तापलेलं असलं, तर आगीची लाट पोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. डब्यात खडे टाकून हलवल्यासारखा आवाज येतो. आवाज एवढा नाजूक आणि परिणाम एवढा दांडगा, असं दुसरं काही गाडीत नसेल. पिस्टनच्या माथ्यावर हवेचा एक पातळ, त्यामानाने गार थर असतो, तो धातूचं उष्णतेपासून रक्षण करतो. नॉकिंगचे तडाखे तो थर उधळून लावतात. मग पिस्टन वितळतो, नाहीतर दोन रिंगांच्या मधली कड तुटते.

आता आत येणाऱ्या हवेचा यात हात किती, ते पाहा. हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाचं टोक हाताला लागतं तसं. कॉम्प्रेशन रेशो १० असलेल्या इंजिनात दाबण्याच्या शेवटी तापमान ढोबळमानाने दुप्पट होतं. पण हे दुप्पट सेल्सिअसमध्ये नव्हे, केल्विनमध्ये धरायचं, म्हणजे आधी २७३ मिळवायचे. आत ३० अंशाची हवा आली तर शेवटी साधारण ३३० अंश. आत ६० अंशाची आली तर साधारण ३९० अंश. फिल्टरशी ३० अंशांचा फरक होता, ठिणगीच्या क्षणी तो ६० झाला. पेट्रोल तेच, टायमिंग तेच, पण नॉकिंगच्या कितीतरी जवळ.

टर्बो असेल तर आणखी. ४० अंशाची हवा टर्बोने दुप्पट दाबाला नेली की ती १३० ते १४० अंशांच्या घरात जाते. इंटरकूलर ती खाली आणतो. पण मेच्या दुपारी ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत इंटरकूलरवरून वारा कुठला वाहणार?

म्हणून ईसीयूमध्ये एक तक्ता असतो. हवा अमुक अंश असेल तर टायमिंग तमुक अंशांनी मागे घे. समजा, ५० पर्यंत काही नाही, ६० ला दोन, ७० ला चार. प्रत्येक इंजिनचे आकडे वेगळे, रीत सारखी. मे महिन्यात तुमची गाडी ढिली वाटते, 'पिकअप नाही' म्हणून तुम्ही मेकॅनिककडे नेता, त्यातला काही भाग हलक्या हवेचा असतो आणि काही भाग या तक्त्याचा. गाडी बिघडलेली नसते. इंजिन वाचावं म्हणून तिने थोडी ताकद आपणहून सोडलेली असते.

"पण नॉक सेन्सर असतोच ना?" असतो. तो इंजिनच्या ब्लॉकला कान लावून बसलेला असतो. पण नॉकिंग झाल्यावर तो ऐकतो, मग टायमिंग मागे घेतलं जातं. हवेचा सेन्सर ते होण्याआधी सांगतो. पहिला आग लागल्यावर घंटा वाजवणारा, दुसरा शेगडीजवळ पडदा नको म्हणणारा. दोघेही हवेत.

आता चिपकडे या. मी अशा तीन-चार उघडून पाहिल्या आहेत. छान प्लास्टिकची डबी, वर चमकदार स्टिकर, आणि आत एक रुपया-दोन रुपयांचा रेझिस्टर. तो सेन्सरच्या जागी जोडायचा. ४.७ किलोओहमचा असेल तर ईसीयूला दिसतं की हवा ५ अंशांच्या आसपास आहे. जानेवारीत ५, मेमध्येही ५. पहाटे ५, भर दुपारी बॉनेट तापलेलं असतानाही ५.

खरी हवा ४५ अंश आणि ईसीयूला वाटतंय ५, तर त्याच्या हिशेबात हवा १४ टक्के जास्त. तितकं पेट्रोल तो जास्त सोडतो. सावकाश चालवताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर लगेच चुगली करतो की मिश्रण जाड झालंय, आणि कॉम्प्युटर पेट्रोल कापत कापत पुन्हा जागेवर आणतो. म्हणजे चिपवाल्यांचं ॲव्हरेज इथेच संपलं. फार कापावं लागलं तर पी०१७२ कोड येऊन दिवा लागतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलात की बऱ्याच गाड्या ऑक्सिजन सेन्सरचं तेवढ्यापुरतं ऐकत नाहीत, तेव्हा काही गाड्यांत ते जादा पेट्रोल खरंच जातं, धूर आणि खर्च वाढवतं. काहींमध्ये आधी शिकलेली कपात तिथेही लागू होते, म्हणजे तेही जात नाही.

पण टायमिंगची चुगली ऑक्सिजन सेन्सर करू शकत नाही. तापमानाच्या तक्त्याने मेच्या दुपारी जे तीन-चार अंश मागे घ्यायचे, ते आता घेतलेच जात नाहीत, कारण तक्त्याला तापमान दिसतंय ५. पहिल्या दिवशी गाडी किंचित चपळ वाटते, आणि लोक हेच सांगतात. खोटं नसतं ते! फक्त ती चपळाई आणलेली असते इंजिनच्या सुरक्षिततेच्या खात्यातून काढून.

आमचं वर्कशॉप वडोदऱ्यात आहे. दोन वर्षांपूर्वी मेमध्येच एक गृहस्थ सेकंडहँड घेतलेली टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेऊन आले. सापुताऱ्याच्या घाटात तिसऱ्या गिअरला खडखड ऐकू येते, बाकी काही नाही. दिवा नाही, कोड नाही. मी स्कॅनर लावला. बाहेर ४३ अंश, गाडी नुकतीच रस्त्यावरून आलेली, आणि स्क्रीनवर इनटेकचं तापमान ४ अंश. गाडी दहा मिनिटं तशीच चालू ठेवली तरी ४. वायरिंगवरची टेप सोडवली तर आत रेझिस्टर. आधीच्या मालकाने लावून वर नीट टेप गुंडाळलेली, या काकांना पत्ताच नाही. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बरंच खाली होतं, आणि उघडल्यावर पिस्टनची रिंगांमधली कड तुटलेली निघाली. हे त्या एका रेझिस्टरनेच केलं, की जोडीला आणखी काही उद्योग झाले होते, ते छातीठोक सांगता येणार नाही. पण त्या काकांनी भरलेलं बिल माझ्यासमोरचं आहे, आणि रेझिस्टर दोन रुपयांचा होता.

म्हणून सेकंडहँड गाडी घेताना, विशेषतः कुणा हौशी माणसाची, हा आकडा आधी पाहायचा. कसा, ते शेवटी सांगतो.

चिप हा तसा ढोबळ फसवणुकीचा प्रकार. मला जास्त काळजी वाटते ती लॅपटॉपवरून केलेल्या त्याच कामाची. तक्ता ईसीयूच्या आत असतो, रीमॅप करणाऱ्याला तो दिसतो. ग्राहक म्हणतो, उन्हाळ्यात गाडी ढिली पडते. ट्यूनर तापमानाच्या तक्त्यात सगळीकडे शून्य भरतो. झालं काम, ग्राहक खूश. सेन्सर जागेवर आहे, आकडा बरोबर दाखवतोय, पण त्याचं ऐकायचं नाही असं ठरवून टाकलंय. स्कॅनरवर हे दिसतही नाही.

आणि आपल्या देशात हे परवडत नाही. दिल्लीची जानेवारीतली सकाळ ५ अंशांच्या आसपास असते, तर राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले होते, सावलीत. एकच गाडी, एकच रीमॅप, दोन्हीकडे चालायला हवा. डिसेंबरात पहाटे ट्यून केलेली गाडी मेमध्ये काय करेल, याचं उत्तर त्या तक्त्यात असतं. तेव्हा रीमॅप करून घेणार असाल तर 'किती बीएचपी वाढेल' च्या आधी विचारा, "हवेच्या तापमानाचा तक्ता तुम्ही काय करता?" ट्यूनर चांगला असेल तर खुलेल आणि अर्धा तास बोलेल. "त्याची गरज नसते" म्हणाला, तर चहा पिऊन निघा.

चांगला ट्यूनर इथे खरोखर काय करतो, हेही थोडं सांगायला हवं, कारण काम वाटतं तेवढं सरळ नाही. सेन्सर जे सांगतो ते नेहमी खरं नसतं. खोटं बोलत नाही तो, पण त्याला कळतं ते त्याच्या जागेपुरतं. तुम्ही सिग्नलला पाच मिनिटं उभे आहात. हवा कमी वाहते, बॉनेटखाली सगळं तापतं, सेन्सरचं पितळी किंवा प्लास्टिकचं अंगही तापतं. याला हीट सोक म्हणतात. सिग्नल सुटला, ताजी हवा धावून आली, पण सेन्सर अजून मघाच्या तापातच. जुन्या, बंद टोकाच्या सेन्सरना उतरायला बराच वेळ लागतो, उघड्या मण्याचे लवकर उतरतात. तेवढा वेळ कॉम्प्युटर हवा हलकी समजून पेट्रोल कमी देतो आणि टायमिंगही मागे ठेवतो. पेट्रोल पंपावरून निघाल्यावर गाडी पहिला अर्धा किलोमीटर रुसल्यासारखी चालते ना, त्यात याचा वाटा असतो.

दुसरी बाजू याच्या नेमकी उलट. सेन्सर एअर फिल्टरच्या डब्याजवळ असेल तर तिथून पुढे हवा गरम मॅनिफोल्डमधून, गरम वाल्व्हजवळून जाते. सावकाश चालताना हवा रेंगाळते, भिंतींची उष्णता घेते, सिलिंडरमध्ये पोचेपर्यंत सेन्सरने सांगितल्यापेक्षा बरीच गरम झालेली असते. जोरात चालताना तिला तापायला वेळच मिळत नाही. म्हणून चांगल्या ईसीयूमध्ये खरं तापमान हे दोन आकड्यांचं मिश्रण असतं: हवेचं तापमान आणि कूलंटचं तापमान. हवा कमी वाहत असेल तर कूलंटकडे झुकायचं, जास्त वाहत असेल तर हवेच्या सेन्सरकडे. किती झुकायचं, हे इंजिनागणिक वेगळं, आणि ते ठरवायला डायनोवर नाही, रस्त्यावर, ट्रॅफिकमध्ये, गाडी मुद्दाम तापवून लॉग घ्यावे लागतात. कंटाळवाणं काम आहे. याचे फोटो कुणी टाकत नाही.

इंजेक्टरमधून पेट्रोल पडल्यावर ते उडताना हवा आणखी गार होते. इथेनॉल जास्त असेल तर जास्त, कारण इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. पण हे सगळं सेन्सरच्या पुढे घडतं, त्याला ते दिसत नाही. ई२० वर गाडी ट्यून करणाऱ्याने हे धरूनच चालायचं.

कोन फिल्टरचं एका वाक्यात: कंपनीचा फिल्टरचा डबा बहुतेक गाड्यांत बंपरच्या मागून बाहेरची हवा ओढतो, आणि तो काढून बॉनेटखाली उघडा कोन लावला की तुम्ही रेडिएटरची गरम हवा ओढायला लागता. आवाज मात्र छान येतो.

आता डायनो. इथे तापमानाचा वेगळाच खेळ चालतो. पुण्यात आणि दिल्लीत मोजलेली ताकद एकमेकांशी ताडून पाहता यावी म्हणून आकडा एका ठरलेल्या हवेवर आणतात. आयएसओ १५८५ या मानकात ती हवा २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल दाबाची कोरडी हवा. खोली गरम असेल तर मोजलेला आकडा एका गुणकाने वाढवून देतात, ते रास्तच आहे. साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनसाठी तो गुणक तापमानाच्या ०.६ व्या घाताने वाढतो. ३० अंशाच्या खोलीत एक टक्का. पण तापमान मोजणारी डायनोची पट्टी कुणी बॉनेटपाशी, गरम एक्झॉस्टजवळ टांगली आणि तिने ६० दाखवले, तर गुणक होतो जवळजवळ १.०७. शंभर बीएचपीची गाडी कागदावर १०१ च्या ऐवजी १०७ ची. गाडीला हात न लावता सहा घोडे! मानकानेही या गुणकाला ०.९३ ते १.०७ अशी हद्द घातली आहे, पण छापील कागद हातात आल्यावर ते कोण तपासतो. तुम्ही तपासा. कागदावर गुणक छापलेला असतो किंवा छापून मागता येतो. आणि 'आधी' आणि 'नंतर' या दोन आलेखांखाली इनटेकचं तापमान मागा. आधीची फेरी तापल्या गाडीवर आणि नंतरची तासभर पंखा लावून थंड केलेल्या गाडीवर घेतली असेल, तर वाढलेल्या ताकदीतला बराच भाग पंख्याचा.

आता घरी काय पाहायचं ते. ब्लूटूथने फोनला जोडायचा ओबीडी डोंगल लागेल, तो बहुतेक कारच्या स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो.

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी फक्त इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका. इनटेकचं तापमान, कूलंटचं तापमान आणि बाहेरचं तापमान, तिन्ही जवळपास सारखी दिसायला हवीत. दोन-चार अंश इकडेतिकडे चालतात. पंधरा-वीस अंशांचा फरक असेल तर काहीतरी गडबड. मग इंजिन सुरू करून गाडी जागेवरच उभी ठेवा, आकडा हळूहळू चढायला हवा. रस्त्यावर काढून वेग घेतलात की उतरायला हवा. जो आकडा हलतच नाही, तो कितीही सुंदर असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका. टर्बो नसलेल्या गाडीत हायवेला इनटेक बाहेरच्या तापमानापेक्षा सतत तीस-चाळीस अंशांनी वर राहत असेल, तर फिल्टरच्या डब्याची नळी निघालेली आहे का ते बघा. सर्व्हिसिंगनंतर ती बसवायची राहून जाते.

मल्टिमीटर असेल तर सेन्सर काढून दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा आणि मग सेन्सरचं टोक मुठीत धरा. अर्ध्या मिनिटात आकडा सरसर खाली यायला हवा. टी-मॅपच्या डबीला चार पिना असतात, त्यातल्या तापमानाच्या दोन कुठल्या ते गाडीच्या वायरिंगच्या नकाशात पाहून घ्या. उगाच सगळीकडे टोचू नका. मण्यावर तेलकट काजळी बसली असेल तर सेन्सरसाठीचा किंवा इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्टसाठीचा स्प्रे लांबून मारा आणि आपोआप वाळू द्या. ब्रश नको, कापड नको, कार्ब्युरेटर क्लीनर तर नकोच.

सेकंडहँड गाडी पाहायला जाताना हाच डोंगल खिशात घेऊन जा. विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की गाडी थंड असतानाच पाहायची आहे, आधी सुरू करून ठेवू नका. सेन्सरच्या जोडणीपासून हातभर मागेपर्यंत वायरीवरून बोट फिरवा. कंपनीच्या टेपला कंपनीचाच रंग आणि गुंडाळी असते. मध्येच नवी काळी चकचकीत टेप लागली, तर विचारा इथे काय झालं होतं.

पुढच्या भागात नॉक सेन्सर. तो किती अंश मागे घेतोय हे त्याच डोंगलवर कसं वाचायचं, आणि ई२० भरल्यावर तो आकडा कसा बदलतो, ते गाडी चालवतच दाखवतो.